काटा कोणाच्या हाती?

दिवाळीच्या आगेमागे भंडारा जिल्ह्यात धान निघू लागते. मग मोहाडी, तुमसर, साकोली, लाखांदूर, कुठेही गेलात तरी एकच प्रश्न कानी पडतो, "धानाचा काटा झाला का?" हमीभावाच्या खरेदी केंद्रावर पोती उतरतात. दाण्यातला ओलावा पाहिला जातो. तो १७ टक्क्यांहून जास्त भरला, तर धान परत. मग वजन होते आणि त्यातून बारदान्याचे वजन वजा होते. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल दोन यंत्रांवर ठरते: ओलावा मोजणारे यंत्र आणि काटा.

मागे जिल्ह्यातील एका शाळेत विज्ञानाच्या शिक्षकांशी बोलताना आम्ही हेच उदाहरण घेतले होते. "ओलावा मोजणाऱ्याचा पगार भात गिरणीवाल्याने दिला तर चालेल का?" असे आम्ही विचारले. सगळे हसले. एक बाई म्हणाल्या, "माणूस चांगलाही असेल हो. पण माझे वडील त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवणार नाहीत."

बाईंच्या या उत्तरात एक मोठे तत्त्व आहे. एखाद्यावर ज्याचे हित सांभाळायची जबाबदारी आहे, त्याच्या विरुद्ध बाजूकडून त्याला लाभ मिळत असेल, तर त्याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. असा संघर्ष असण्यासाठी माणूस लबाडच असावा लागत नाही. त्याने एकदाही काटा मारला नसला, तरी त्याच्या मापावरचा विश्वास मात्र उडालेला असतो.

धानाच्या बाबतीत शेतकऱ्याकडे निदान एक उपाय असतो. दाणा दाताखाली धरून तो ओलाव्याचा अंदाज घेऊ शकतो. औषधाचे तसे नाही. बाटलीतला गोड पातळ पदार्थ औषध आहे की विष, हे रोग्याला कळत नाही, त्याच्या आईवडिलांना कळत नाही आणि बहुधा डॉक्टरांनाही नुसते पाहून कळत नाही. तेथे सारी भिस्त काट्यावर, म्हणजे औषध तपासणाऱ्या यंत्रणेवर असते. हा काटा आपल्याच महाराष्ट्रात एकदा कसा फसला, त्याची हकिगत आज पाहू.

जे. जे. रुग्णालयातील चौदा मृत्यू

१९८६ सालचा जानेवारी महिना. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूच्या व डोळ्यांच्या विकारांचे काही रोगी उपचार घेत होते. कवटीच्या आत किंवा डोळ्याच्या आत दाब वाढला, तर तो उतरवण्यासाठी त्या काळी तोंडावाटे ग्लिसरीन देण्याची पद्धत होती. ग्लिसरीन रक्तात गेले की ऊतींमधले जास्तीचे पाणी रक्तात ओढून घेतले जाते आणि सूज उतरते. वर्गात आपण परासरण शिकवतो, त्याचाच हा उपयोग.

पण या वेळी भलतेच घडू लागले. ज्यांची प्रकृती सुधारायला हवी, अशा रोग्यांची लघवी बंद होऊ लागली. मूत्रपिंडे निकामी होऊन एकामागून एक रोगी दगावू लागले. डॉक्टरांनी दुवे जुळवले, तेव्हा सर्वांमध्ये एकच गोष्ट समान निघाली, ती म्हणजे ग्लिसरीन. ते थांबवण्यात आले. तोवर चौदा जण गेले होते.

तपासणीत दिसले, की त्या ग्लिसरीनमध्ये १८.५ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल होते. रुग्णालयाच्या कपाटात पोचलेला माल औषधी दर्जाचा नव्हताच. तो कारखान्यात वापरण्याच्या औद्योगिक दर्जाचा होता.

दोन गोड द्रव

ग्लिसरीन आणि डायइथिलीन ग्लायकॉल हे दोन्ही रंगहीन, दाट आणि चवीला गोड. दोन्ही पाण्यात सहज मिसळतात. ग्लिसरीनच्या रेणूत तीन कार्बन आणि तीन हायड्रॉक्सिल गट असतात. साबण तयार होताना ते निघते आणि शरीराला ते परके नाही. आपल्या चरबीतही ते असते. डायइथिलीन ग्लायकॉल हे इथिलीन ग्लायकॉलचे दोन रेणू ऑक्सिजनच्या एका अणूने जोडल्यासारखे असते. ब्रेकच्या तेलात, रंगांत व विद्रावक म्हणून ते वापरतात. पोटात गेल्यावर यकृतातील विकरे त्याचे रूपांतर करतात आणि त्यातून डायग्लायकोलिक आम्ल तयार होते. हे आम्ल मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतील पेशींमध्ये साठते व त्यांना मारते.

मग हे दोन द्रव वेगळे ओळखता येत नाहीत का? येतात. ग्लिसरीनची घनता सुमारे १.२६, तर दुसऱ्याची सुमारे १.१२. घनता उतरलेली दिसली, तर शंका घ्यायला जागा होते. अर्थात पाणी मिसळल्यानेही घनता उतरते. म्हणून खात्रीसाठी पातळ थराचे किंवा वायूचे वर्णलेखन करावे लागते. १९८६ साली हे तंत्र मुंबईत नवे नव्हते. विष ओळखण्याची विद्या होती, साधने होती, कायदा होता. तरीही चौदा माणसे गेली. म्हणूनच ही कथा रसायनशास्त्रापाशी संपत नाही.

कायदा कशासाठी आला?

या द्रवाचा धडा जगाला त्याआधी अर्धे शतक मिळालेला होता. १९३७ साली अमेरिकेत मॅसेनगिल नावाच्या कंपनीने सल्फानिलामाइड हे नवे औषध पातळ स्वरूपात विकायला काढले. ते विरघळवायला डायइथिलीन ग्लायकॉल घेतले. चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला; विषारीपणा कोणी तपासला नाही, कारण कायद्याने तशी सक्तीच नव्हती. शंभरावर लोक मेले, त्यांत पुष्कळ मुले होती. दुसऱ्याच वर्षी, १९३८ साली, औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखवण्याची सक्ती करणारा कायदा तेथे झाला.

त्या घटनेचे संशोधन शिकागो विद्यापीठात झाले. त्यात फ्रान्सिस केल्सी नावाची एक विद्यार्थिनी काम करीत होती. पुढे १९६० साली ती अमेरिकेच्या औषध प्रशासनात नोकरीला लागली आणि थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा अर्ज तिच्या टेबलावर आला. कंपनीने पुन्हा पुन्हा तगादा लावला, वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. पुरावा अपुरा आहे, असे म्हणत केल्सीबाईंनी परवानगी अडवून धरली. १९६१ च्या अखेरीस युरोपात त्या औषधामुळे हातपाय खुरटलेली मुले जन्मल्याचे उघड झाले. कंपनीच्या नाराजीने केल्सीबाईंचे काही बिघडणार नव्हते, कारण त्यांचा पगार ती कंपनी देत नव्हती. हा साधा मुद्दा लक्षात ठेवू. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

आपल्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३०-३१ साली औषधांच्या बाजाराची पाहणी केली. बनावट व भेसळीची औषधे सर्रास विकली जात असल्याचे तिने दाखवले. त्यातून १९४० चा औषध कायदा आला. या कायद्याने कामाची वाटणी केली. देशात नवे औषध आणायची परवानगी केंद्राने द्यायची. औषध बनवण्याचा आणि विकण्याचा परवाना, कारखान्यांची तपासणी व दुकानांतून नमुने घेणे हे मुख्यतः राज्यांनी पाहायचे. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन करते.

लेंटिन आयोगाला काय दिसले?

जे. जे. प्रकरणाच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. सुनावणी उघडपणे झाली आणि तिची वृत्ते वर्तमानपत्रांतून लोकांपर्यंत पोचली. १९८७ च्या अखेरीस अहवाल तयार झाला, १९८८ साली तो लोकांसमोर आला आणि खळबळ उडाली.

एखादा कारकून चुकला, एखादा व्यापारी लबाड निघाला, असे सांगून आयोगाला थांबता आले असते. लेंटिन तेथे थांबले नाहीत. ज्या ज्या ठिकाणी विष अडायला हवे होते, ते प्रत्येक ठिकाण त्यांनी तपासले. आपणही तो रस्ता क्रमाने चालून पाहू.

पहिला काटा परवान्याचा. औषध बनवणाऱ्याकडे जागा, यंत्रे आणि जाणते रसायनतज्ज्ञ आहेत की नाहीत, हे पाहून परवाना द्यायचा असतो. दुसरा काटा प्रयोगशाळेचा. ज्या लहान कारखान्याकडे स्वतःची प्रयोगशाळा नसते, त्याला मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेता येते. तपासणीची फी कोण देतो? ज्याचा माल तपासायचा, तोच. नापास करणारी प्रयोगशाळा दुसऱ्या खेपेला गिऱ्हाईक गमावते. तिसरा काटा खरेदीचा. सरकारी रुग्णालयांसाठी दरकरार ठरवण्याचे काम तेव्हा उद्योग खात्याकडे होते. कोणाचा माल घ्यायचा हे तेथे ठरे, आणि तो माल ज्या रोग्याच्या पोटात जायचा, तो खूप दूर असे. चौथा काटा प्रशासनाच्या कारवाईचा. आणि पाचवा काटा अपिलाचा. परवाना निलंबित किंवा रद्द झाला, तर कारखानदाराला राज्य शासनाकडे अपील करता येते. व्यवहारात ते मंत्र्यांपुढे जाते.

आयोगाचा निष्कर्ष असा, की हे पाचही काटे एकाच बाजूला झुकलेले होते. परवानाधारक, प्रयोगशाळा, दरकरार देणारे अधिकारी, उत्पादक, व्यापारी, पुरवठादार, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रिपदावरील व्यक्ती यांच्यात देवघेवीचे साटेलोटे असल्याचे अहवालाने स्पष्ट म्हटले. मंत्रिपदाच्या अधिकारांच्या गैरवापरावरही ठपका ठेवला. तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले.

येथे एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा पाचही तपासण्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत आणि प्रत्येक तपासणीत दहापैकी एक खोटा माल निसटतो. तर पाचही ठिकाणांहून निसटण्याची शक्यता एक लाखात एक. पण पाचही जण एकमेकांना बांधलेले असतील, तर जो पहिल्याच्या हातून सुटला तो सर्वांच्याच हातून सुटला. म्हणजे शक्यता पुन्हा दहात एक. आकडे आम्ही केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण तत्त्व खरे आहे. कागदावर पाच काटे दिसतात, प्रत्यक्षात एकच असतो. संभाव्यता शिकवताना दहावीच्या वर्गात हे उदाहरण जरूर घ्यावे.

डॉक्टरांची लेखणी

औषध कारखान्यातून बाहेर पडले, की आणखी एक काटा लागतो. तो डॉक्टरांच्या हातात असतो. औषधाच्या बाजारात एक चमत्कारिक गोष्ट आहे. निवड डॉक्टर करतात, पैसे रोगी देतो. त्यामुळे कंपन्यांची जाहिरात रोग्यापेक्षा डॉक्टरांकडे वळते. पिशवी घेऊन येणारा प्रतिनिधी, नमुन्याच्या गोळ्या, पेन, दिनदर्शिका येथून सुरू होऊन ही वाट परदेशवारीपर्यंत जाते.

यावर विचार फार पूर्वीच झाला होता. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५ साली दिलेल्या अहवालात अत्यावश्यक औषधांवर भर देण्याची आणि कंपन्यांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने काढून औषधांची मूळ नावे वापरण्याची शिफारस केली होती. नाव एकच झाले, तर नावासाठी भेटी वाटायचे कारण उरत नाही. ही शिफारस पुरतेपणी कधी अमलात आली नाही.

२००९ साली भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च वा रोख रक्कम घेण्यास मनाई केली. मग घेणारा दोषी, पण देणाऱ्याचे काय? एका कंपनीने असा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवून प्राप्तिकरात सूट मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने सांगितले, की जे घेणे डॉक्टरांना मना आहे, ते देण्याच्या खर्चावर करसवलत मागता येणार नाही. अशा भेटींची किंमत शेवटी औषधाच्या किमतीतून रोगीच भरतो, हेही न्यायालयाने नोंदवले.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषधांच्या विक्रीसाठी एकसमान आचारसंहिता काढली. भेटवस्तूंना मनाई, परदेशी परिषदांच्या खर्चाला बंदी, नमुन्यांवर मर्यादा, अशी चांगली कलमे तीत आहेत. पण तक्रार आली, तर ती ऐकणार कोण? औषध कंपन्यांच्याच संघटनेची नीती समिती. धानाच्या केंद्रावर तक्रार गेली आणि ती गिरणीमालकांच्या संघटनेने ऐकली, तर आपण काय म्हणू?

एकाच मजकुराची पत्रे

परवानगी देणारी केंद्रीय यंत्रणाही या रोगापासून अलिप्त नव्हती. मे २०१२ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने आपला ५९ वा अहवाल मांडला. जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळात तीसहून अधिक नवी औषधे भारतीय रोग्यांवर चाचणी न घेताच मंजूर झाल्याचे समितीला आढळले. त्याहून गमतीची, म्हणावी तर दुःखाची, गोष्ट पुढे आहे. काही औषधांसाठी वेगवेगळ्या शहरांतील तज्ज्ञ डॉक्टरांनी शिफारसपत्रे पाठवली होती. ती पत्रे शब्दाशब्दाने सारखी होती. बहुधा ती एकाच ठिकाणी लिहिली गेली असावीत, असा संशय समितीने व्यक्त केला आणि कंपन्या, काही अधिकारी व काही तज्ज्ञ यांच्या संगनमताकडे बोट दाखवले.

उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तीन मुलांच्या पेपरात एकच चूक एकाच जागी सापडली, की आपण काय ओळखतो?

हे सारे दूरचे नाही

मुंबई भंडाऱ्यापासून लांब आहे आणि १९८६ साल तर त्याहून लांब, असे वाटणे साहजिक आहे. पण सप्टेंबर व ऑक्टोबर २०२५ मध्ये काय घडले ते आठवू. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, सर्दी-तापाच्या साध्या आजारासाठी लहान मुलांना खोकल्याचे औषध दिले गेले. त्यांची लघवी बंद झाली. अनेकांना नागपूरला हलवण्यात आले. वीसहून अधिक मुले दगावली. मोठा आजार झाला, की आपल्या जिल्ह्यातली माणसेही ज्या नागपूरच्या 'मेडिकल'ला धाव घेतात, तेथेच ही मुलेही आणली गेली होती.

औषधाचे नाव कोल्ड्रिफ. ते तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यातल्या एका कारखान्यात तयार झाले होते. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्याला त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल आढळले. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का. म्हणजे १९८६ मध्ये जे घडले तेच पुन्हा, आणि प्रमाण अडीचपटीहून जास्त.

ते औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विक्रीवर दहा टक्के कमिशन मिळत होते, असा आरोप पोलिसांनी न्यायालयात केला. आरोप खरा की खोटा, हे न्यायालय ठरवील. पण असे कमिशन कोठेही असले, तर त्याचा अर्थ काय होतो, ते आपण ठरवू शकतो. मूल औषधाने बरे होत नाही, उलट बिघडते आहे, ही शंका पहिल्यांदा डॉक्टरांच्याच मनात यायला हवी. त्या शंकेलाच ज्याच्या खिशातून किंमत मोजावी लागते, त्याच्या मनात ती उशिरा येते. जे. जे. मधील डॉक्टरांनी ग्लिसरीनवर संशय घेतला, तेव्हा त्या बाटल्यांच्या खपावर त्यांचे काही अवलंबून नव्हते.

आपण काय करावे?

मंत्रालयातले किंवा दिल्लीतले काटे शाळामास्तराच्या हातात नाहीत, हे खरे. पण काटा कोणाच्या हाती आहे हे विचारायची सवय मात्र वर्गातूनच लागते. त्यासाठी एक सोपा उपक्रम सुचवतो.

मुलांना घरून औषधांची रिकामी खोकी व पाकिटे आणायला सांगावे. औषधे आणू देऊ नयेत. प्रत्येकावर पाच गोष्टी शोधायच्या: औषधाचे मूळ नाव, व्यापारी नाव, बनवणाऱ्याचा पत्ता व परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत. मूळ नावाखाली आय. पी. ही अक्षरे आहेत का, ते पाहायचे. भारतीय औषधकोशाने ठरवलेल्या मानकाचा तो दाखला. एकाच मूळ नावाची निरनिराळी पाकिटे निघाली, तर त्यांच्या किमती फळ्यावर मांडाव्यात आणि हा फरक कशाचा, यावर मुलांना बोलू द्यावे. बॅच क्रमांक कशासाठी असतो, हेही सांगावे. वाईट औषध सापडले, तर त्याच घाणीतल्या बाकीच्या बाटल्या देशभरातून परत बोलावता याव्यात, म्हणून तो असतो.

वरच्या वर्गात एक पाऊल पुढे जाता येईल. वर्तमानपत्रात अमुक औषधाने किंवा अमुक पेयाने उंची वाढते, स्मरणशक्ती वाढते, असे वाचले की तीन प्रश्न विचारायचे. हे कोणी तपासले? तपासणाऱ्याला पैसे कोणी दिले? निकाल उलटा आला असता, तर तो छापला गेला असता का? असे प्रश्न विचारणे म्हणजे कोणाला चोर म्हणणे नव्हे, हेही मुलांना सांगितले पाहिजे. धान आणणारा शेतकरी काट्यावर आधी रिकामे पोते ठेवून पाहतो, तेव्हा तो कोणाचा अपमान करीत नसतो. आपल्या मालाचे माप नीट व्हावे, एवढेच त्याला हवे असते. औषधाच्या बाटलीच्या बाबतीत तेवढेच आपल्याला हवे आहे.